जपानहून पेन मागवताना 'गिफ्ट' लिहू द्यावं का? ड्युटी किती बसेल?

शाईवेडा:
जपानमधल्या ऑनलाइन दुकानातून सोन्याची निब असलेलं फाउंटन पेन मागवायचं आहे. पेन साधारण 10,000 रुपयांचं, कुरिअरचे 3,000. दुकानदार विचारतोय, "कागदावर गिफ्ट लिहू का, किंमत 2,000 दाखवू का?" असं केलं तर चालतं का? आणि खरी किंमत लिहिली तर इथे किती भरावे लागतील?

बंदरकर:
अजिबात नको. पूर्वी 5,000 रुपयांपर्यंतच्या भेटवस्तूंना सूट होती, ती डिसेंबर 2019 मध्ये गेली. आता राखी आणि जीवरक्षक औषधं एवढीच सुटतात. म्हणजे 'गिफ्ट' लिहून एक रुपयाही वाचत नाही. किंमत कमी दाखवणं तर त्याहून वाईट. दुकानाच्या साइटवर खरा भाव कुणालाही दिसतो, कस्टम्सचे अधिकारीही तिथेच बघतात. खोटी किंमत सापडली की सीमाशुल्क कायदा 1962 च्या कलम 111 खाली माल जप्त होऊ शकतो, कलम 112 खाली दंड वेगळा. शिवाय पेन वाटेत हरवलं तर भरपाईही सहसा कागदावर लिहिलेल्या किमतीपुरतीच मिळते.

दुकानदाराला सांगा: खरी किंमत, वस्तूचं नीट वर्णन (नुसतं 'स्टेशनरी' नाही, तर 'फाउंटन पेन, 14 कॅरेट सोन्याची निब, 1 नग') आणि बिल पाकिटाच्या बाहेर चिकटवलेलं. वर्णन मोघम असलं की पाकीट उघडलं जातं.

हिशेबनीस:
हिशेब करून बघू. वैयक्तिक वापराचा माल सहसा कस्टम्सच्या दरपत्रकातल्या 9804 या शीर्षाखाली धरतात. त्याचा दर अर्थसंकल्पात बदलत असतो, म्हणून ऑर्डरच्या दिवशीचा दर बघून घ्या. इथे मूळ ड्युटी 10 टक्के आणि आयजीएसटी (आयात मालावरचा जीएसटी) 18 टक्के समजू.

कर नुसत्या पेनावर बसत नाही, वाहतूक आणि विमाही धरतात. पण विमानाने आलेल्या मालाचं भाडं किमतीच्या 20 टक्क्यांहून जास्त धरता येत नाही. त्यामुळे तुमच्या 3,000 पैकी 2,000 च मोजायचे. विम्याचा आकडा माहीत नसेल तर 1.125 टक्के, म्हणजे 112.50. झाले 12,112.50.
त्यावर मूळ ड्युटी 1,211.25. ड्युटीवर 10 टक्के समाजकल्याण अधिभार, 121.13. या सगळ्यांची बेरीज 13,444.88, तिच्यावर आयजीएसटी 2,420.08. एकूण कर सुमारे 3,752 रुपये, म्हणजे 12,112.50 च्या 30.98 टक्के.

10 आणि 18 मिळून 28 होतात, मग 30.98 कसे, असं बऱ्याच जणांना वाटतं. कारण वर अधिभारही असतो आणि आयजीएसटी ड्युटी व अधिभार मिळवलेल्या रकमेवर बसतो. हिशेबात धरलेला येनचा भावही तुमच्या कार्डाचा नसतो, कस्टम्सने जाहीर केलेला असतो.

कुरिअरवाल्याकडून बिल ऑफ एंट्रीची (कस्टम्सला दिलेल्या आयातीच्या तपशिलाची) प्रत मागाच. त्यात भाड्याच्या रकान्यात पूर्ण 3,000 दिसले तर 2007 च्या मूल्यांकन नियमांतला नियम 10 दाखवून लेखी हरकत घ्या. आधी पैसे भरून नंतर भांडण्यापेक्षा हे सोपं.

शाईवेडा:
धन्यवाद! पोस्टाने मागवलं तर स्वस्त पडेल का?

बंदरकर:
कर तेवढाच. फरक वरच्या खर्चात. कुरिअर कंपनी तुमच्या वतीने कर भरते आणि त्याचं स्वतःचं शुल्क, त्यावर जीएसटी लावते. ऑर्डर देण्याआधी हा आकडा विचारून ठेवा. पोस्टात मूल्यांकन फॉरेन पोस्ट ऑफिसात होतं आणि कर पार्सल हातात देताना घेतात. मात्र तिथे वेळ जास्त लागतो.

कुरिअर असेल तर केवायसी लगेच भरा. पार्सलवर 'राजू पाटील' आणि आधारवर 'राजेंद्र दत्तात्रय पाटील' असं असलं की हमखास अडकतं. ऑर्डर करतानाच आधारवरचं नाव आणि पिनकोडसह पत्ता टाका. बिल, बँक स्टेटमेंटमधली ती नोंद आणि पेनाच्या पानाची लिंक एकत्र ठेवा. मूल्यावर शंका आली तर हेच मागतात. उशीर झाला की गोदामभाडं चढत जातं.

हिशेबनीस:
एक राहिलं. "कस्टम्समधून बोलतोय, या यूपीआयवर पैसे टाका" असा फोन आला तर तो फसवणुकीचाच समजा. कस्टम्स कुणाच्या खासगी खात्यावर पैसे मागत नाही. लेखी पत्र आलं तर त्यावर सहसा डीआयएन (पत्राचा ओळख क्रमांक) असतो, तो सीबीआयसीच्या (कस्टम्सच्या केंद्रीय मंडळाच्या) साइटवर टाकून खरा की खोटा ते बघता येतं.