मदत हवी आहे: रोमा बायकांच्या बचत गटाची वही कशी ठेवावी?

मी स्लोव्हाकियात, कोशित्सेला राहते. इथल्या लुनिक ९ या रोमा (शतकांपूर्वी भारतातून युरोपात गेलेला समाज) वस्तीतल्या ११ जणींचा आम्ही साक्षरता वर्ग घेतो. त्यांच्या रोमानी भाषेतही पाण्याला 'पानी'च म्हणतात, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा भरून आलं होतं.

आता त्यांना आपल्यासारखा बचत गट काढायचाय. बँक खातं नको, जुन्या कर्जापायी काहींच्या खात्यावर जप्ती येते. एक कुलूपपेटी, किल्ल्या तिघींकडे, एवढं ठरलंय. पासबुकं देऊन पाहिली, पण निम्म्या जणींना अजून वाचता येत नाही आणि दुसरीने लिहिलेल्या आकड्यावर विश्वास बसत नाही. स्मार्टफोन सगळ्यांकडे नाहीत, त्यामुळे ॲप सुचवू नका.

गावाकडे निरक्षर बायकांचे गट ज्यांनी चालवलेत त्यांना विचारते: हप्ता आणि कर्जफेड प्रत्येकीला स्वतः तपासता येईल अशी शिक्क्यांची किंवा खुणांची नोंद तुम्ही नेमकी कशी ठेवलीत?