टर्मिनलने भलताच एडिटर उघडला? किस्से सांगा

काल भाचीने गिट कमिट मारलं (गिट म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम, कमिट म्हणजे अशी एक नोंद) आणि मेसेज लिहायला समोर व्हिम हा टर्मिनलमधला एडिटर. "मामा, हे बंदच होत नाहीये!" मला एकदम कॉलेजची युनिक्स लॅब आठवली. व्हिमचा पूर्वज व्हीआय, त्यातून सुटका होईना म्हणून पोरं सरळ मशीनचं बटण दाबायची, लॅब असिस्टंट करवादायचे. भाचीच्या बॅशआरसीत (टर्मिनलच्या सेटिंगची फाइल) 'एक्स्पोर्ट एडिटर=नॅनो' टाकून दिलं, म्हणजे नॅनो हा सोपा एडिटर उघडेल. येऊ द्या तुमचेही.

निवांत_बसलोय: = च्या दोन्ही बाजूंना स्पेस नको. टीममधल्या प्रत्येक नव्या पोराला हेच सांगतो.

कटिंगचहा: व्हीएस कोड हा एडिटर वापरणाऱ्यांनी त्याच्या कमांडपुढे 'हायफन हायफन वेट' लावा. नाहीतर खिडकी उघडते आणि इकडे गिट मेसेज रिकामा म्हणून कमिट रद्द करून मोकळं. आमच्याकडे एकाने त्यापायी अख्खं गिट परत इन्स्टॉल केलं 😂

जुनं_खोड: कुठला एडिटर उघडायचा हे सांगणारी एडिटर आणि व्हिज्युअल अशी दोन व्हेरिएबलं (सेटिंगची नावं) का, हे कुणी विचारत नाही हल्ली. टेलिटाइप या जुन्या यंत्रावर सगळं कागदावर उमटायचं, तिथे ओळीओळीने काम करणारा ईडी हा एडिटर पुरे. पडदे आले, १९७६ च्या सुमारास बिल जॉयने व्हीआयचं काम सुरू केलं, तेव्हा पूर्ण पडद्यावाल्यासाठी व्हिज्युअल. गिट आधी व्हिज्युअल बघतं, मग एडिटर. एडिटर बदलूनही व्हिमच येत असेल तर तिथे बघा. आणि गिटच्या कॉन्फिगमध्ये कोअर डॉट एडिटर असेल तर तो या दोघांच्याही वरचढ.

सांजवेळ: मी विंडोजवाली. सेटएक्स (व्हेरिएबल ठरवायची विंडोजची कमांड) केलं तरी त्याच काळ्या खिडकीत काही दिसत नाही, नवी उघडावी लागते. बाकी नंतर लिहिते, कुकर लावलाय.

कटिंगचहा: @सांजवेळ काय बेत?

सांजवेळ: वरण-भात. पोरांची परीक्षा आहे, दुसरं काय.

रानवारा: क्रॉनटॅब हायफन ई (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी बदलायची कमांड) पण हेच व्हेरिएबल बघतं. सर्व्हरवर रात्री दोनला ईडी उघडला होता. काहीही टाइप करा, उत्तर फक्त प्रश्नचिन्ह!!

जुनं_खोड: क्यू दाबायचं आणि एंटर.

रानवारा: काका, तेव्हा कुठे होतात?

पाऊलवाट: व्हिमला हसा, पण उघडल्यावर युगांडातल्या मुलांना मदत करा असं येतं ते कुणी वाचलंय? व्हिम बनवणारे ब्राम मोलेनार २०२३ मध्ये गेले.

निवांत_बसलोय: 🙏

सांजवेळ: आले. नॅनोत मराठी लिहिलं की वेलांट्या भलतीकडे जातात, उपाय?

कटिंगचहा: तो टर्मिनलचा घोळ. वेगळा धागा काढ, तिथे भांडू.