प्रतिसाद : द्राक्षबागेसह ४० एकर विकाऊ – दर ठरवण्याआधी

वर नारायणगाव पट्ट्यातल्या ४० एकरांच्या एकरी दरावर चर्चा चालली आहे. पण दराआधी घेणाऱ्याचे दोन प्रश्न सुटायला हवेत : जमिनीचे कागद आणि बागेची अवस्था.

महाराष्ट्रात बिगरशेतकऱ्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. शेतकरी असलात तरी कमाल जमीन धारणेची मर्यादा आहेच : बारमाही बागायत १८ एकर, कोरडवाहू ५४. ती पाच जणांपर्यंतच्या कुटुंबाची असते, माणसागणिक नाही. सगळी ४० एकर बारमाही बागायत असेल, तर एका कुटुंबाच्या नावावर हा व्यवहार बसतच नाही. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ (म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) आहे का ते पाहा. 'इतर हक्क' रकान्यात बँकेचा बोजा, कुळ, विहिरीतला सामाईक हिस्सा सापडतो. फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदी, जुन्यापासून क्रमाने वाचा. बहिणींनी आपला वाटा सोडल्याचं हक्कसोडपत्र नसेल तर पुढे दावा येऊ शकतो.

आता बाग. ती मे महिन्यात पाहा. एप्रिल छाटणीनंतर ओलांड्यावर (तारेवर पसरलेल्या वेलीच्या आडव्या फांदीवर) फूट एकसारखी नसेल, मधेमधे ओलांडा मोकळा दिसत असेल, तर वेली थकल्यात. १५ वर्षांपुढच्या बागेला बागेचा भाव देऊ नका, फक्त मांडवाचे लोखंडी अँगल, तारा, ठिबक यांची किंमत धरा. वेल डॉगरिज जातीच्या खुंटावर कलम केलेली आहे की स्वतःच्या मुळावर, हे विचारा. विहिरीची खरी ताकदही मेमध्येच कळते. पाणी आणि माती तपासून घ्या : क्षार, क्लोराइड, मुक्त चुना. चुनखडीच्या जमिनीत लोह लागू होत नाही, पानं पिवळी पडतात, आणि तो खर्च दरवर्षीचा असतो.