मदत हवी आहे: पॉलिहाऊस आणि पृथ्वी, लेकीला नीट कसं समजावू?

नमस्कार मंडळी, माझी मुलगी आठवीत आहे, तिला हरितगृह परिणामावर प्रोजेक्ट दिलंय. आमचं जरबेराच्या फुलांचं पॉलिहाऊस (प्लास्टिकच्या कागदाचं हरितगृह) आहे, म्हटलं हेच दाखवू. दुपारी आत गेलं की चष्म्यावर वाफ धरते, पण बाजूचे पडदे वर गुंडाळले की थोड्याच वेळात गार वाटायला लागतं. तर पोरीने विचारलं, बाबा, पृथ्वीला कुठे कागद लावलाय, मग तिची गरम हवा कोण अडवतं? मी गप्पच झालो.

वाचून एवढं कळलं की उन्हाने तापलेली जमीन जी उष्णता बाहेर टाकते ती कार्बन डायऑक्साइड, मिथेन आणि पाण्याची वाफ शोषतात आणि त्यातली थोडी परत खाली येते, आणि हे नसतं तर पृथ्वीचं सरासरी तापमान उणे १८ अंशाच्या आसपास असतं, आत्ता ते साधारण १५ आहे. म्हणजे पॉलिहाऊसमध्ये मुख्यतः हवा कोंडते आणि वर मात्र उष्णतेचे किरण अडतात, बरोबर ना? थंडीत ढग आले की रात्री गारठा कमी होतो, ते उदाहरण इथे चालेल का?

आणि हवेत ०.०४ टक्के असलेला कार्बन डायऑक्साइड एवढं कसं करतो? सोडा-व्हिनेगरचा बाटलीतला प्रयोग केला (एका बाटलीत त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड, दुसरीत साधी हवा), दोन्ही थर्मामीटरमध्ये फरकच दिसेना. घरी जमेल असा दुसरा प्रयोग असेल तर प्लीज सांगा, सोमवारी द्यायचंय, आणि तिला चुकीचं काही शिकवायचं नाहीये मला.