नवख्या वाचकाला ‘फाउंडेशन’ सुचवणं बंद करा

पानफुटी:
‘विज्ञानकथा वाचायला सुरुवात करायची आहे, काय वाचू?’ असं कुणी विचारायचा अवकाश, तीच तीन नावं धडाधड येतात. ‘फाउंडेशन’, ‘ड्यून’, ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’. विचारणाऱ्याला आजवर काय आवडलंय, हे विचारायची तसदी कुणी घेत नाही. पुस्तकं थोर आहेत, वाद नाही. पण पहिलं पुस्तक म्हणून ती देऊ नयेत, असं माझं ठाम मत आहे.

आयझॅक आसिमॉव्हच्या मूळ तीन खंडांच्या मालिकेतलं पहिलं, ‘फाउंडेशन’, पुस्तकरूपात १९५१ साली आलं, पण त्यातला बहुतेक मजकूर १९४२ पासून मासिकात सुट्या कथा म्हणून छापून आलेला होता. त्यामुळे एखाद्या पात्रात जीव अडकतो न अडकतो तोच काही दशकांची उडी, आणि ते पात्र इतिहासजमा. बायका त्या पहिल्या भागात जवळजवळ नाहीतच. ‘ड्यून’मध्ये तर गोम जब्बार, बेने जेसेरिट, क्विसात्झ हॅडरॅक असे लेखकानं घडवलेले शब्द सुरुवातीच्या काही पानांतच अंगावर येतात. मागच्या शब्दसूचीत बोट अडकवून वाचत राहायचं.

मी ‘फ्लॉवर्स फॉर अल्जर्नन’ देईन. डॅनियल कीजचं पुस्तक, आधी १९५९ साली कथा, मग १९६६ साली कादंबरी. चार्ली गॉर्डनचा बुद्ध्यांक ६८. बुद्धी वाढवायच्या शस्त्रक्रियेसाठी त्याची निवड होते आणि त्याला रोजचा अहवाल लिहायला सांगतात. सुरुवातीचे अहवाल चुकीच्या स्पेलिंगांनी भरलेले, विरामचिन्हांचा पत्ता नाही. मग हळूहळू स्पेलिंग सुधारतं, वाक्यं लांबतात, आणि चार्लीच्या लक्षात येतं की ज्यांना तो मित्र समजत होता ते त्याला हसत होते. पुढचं सांगत नाही. ना ग्रह, ना साम्राज्य, ना शब्दसूची.

जुनं_खोड:
प्रचंड असहमत. वाचकाला इतकं कच्चं का समजता राव? १९६६ साली ह्यूगो या विज्ञानकथांच्या पुरस्कारात ‘सर्वकालीन सर्वोत्तम मालिका’ निवडली गेली तेव्हा ‘फाउंडेशन’नं ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ला मागे टाकलं होतं. ती मतं वाचकांचीच होती.

‘पात्रं टिकत नाहीत’ म्हणता, पण ती गोष्ट माणसांची नाहीच, समाजाची आहे. आणि नुसत्या संवादांत काय मजा असते ते बघा. साम्राज्याचा दूत लॉर्ड डॉर्विन टर्मिनस या ग्रहावर येतो, पाच दिवस गोड गोड बोलतो, भरपूर आश्वासनं देतो. तिथला महापौर सॅल्व्हर हार्डिन ते सगळं बोलणं तर्कशास्त्रज्ञाकडून तपासून घेतो. एकाला एक वजा करत गेल्यावर शिल्लक काय राहतं? शून्य! पाच दिवसांत बाबा काहीच बोललेला नसतो, आणि ऐकणाऱ्या कुणालाही ते कळलेलं नसतं. पुढाऱ्याचं भाषण ऐकलेल्या कुणालाही यासाठी शब्दसूची लागणार नाही.

पानफुटी:
@जुनं_खोड, डॉर्विनचा प्रसंग मलाही आवडतो. पण ज्यांनी मतं दिली ते या प्रकारात आधीच मुरलेले लोक होते. मी बोलतेय ती ज्यानं एकही विज्ञानकथा वाचलेली नाही अशा माणसाबद्दल.

अवकाशवेडी:
तुम्ही दोघं जुनं-नवं करत बसलात, खरी गोम लांबीत आहे. सुचवणारे लोक सर्रास मालिका गळ्यात मारतात. जॉर्ज मार्टिनच्या ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’चा पाचवा खंड २०११ साली आला, सहाव्याची वाट बघणं चालूच आहे. पॅट्रिक रॉथफसच्या ‘किंगकिलर क्रॉनिकल’चा दुसराही त्याच वर्षीचा, तिसऱ्याचा पत्ता नाही. ‘व्हील ऑफ टाइम’चे चौदा खंड. रॉबर्ट जॉर्डन २००७ साली गेला, ब्रँडन सँडरसननं २०१३ मध्ये ते काम तडीस नेलं. नवख्या माणसाला हे देणं म्हणजे ओळख व्हायच्या आधी साखरपुडा.

टेरी प्रॅचेटचं डिस्कवर्ल्ड (एकेचाळीस कादंबऱ्या!) त्यातल्या त्यात बरं, कारण कुठूनही शिरता येतं. पण पहिल्या पुस्तकातून शिरू नका. ‘गार्ड्स! गार्ड्स!’ घ्या.

माझी शिफारस एकखंडी. अद्भुत हवं तर सुझाना क्लार्कचं ‘पिरानेसी’ (२०२०): पुतळ्यांनी भरलेल्या अंतहीन दालनांचं घर, खालच्या दालनांत समुद्राच्या भरत्या, आणि तिथे राहणारा एक माणूस भरतीच्या वेळांची नोंद ठेवतोय. अवकाश हवं तर क्लार्कचं (आर्थर, वेगळा!) ‘राँदेव्हू विथ रामा’, १९७३.

तिरपागडा:
‘रामा’? त्यातली माणसं आणि पुठ्ठ्याची चित्रं यांत फरक काय?

अवकाशवेडी:
माणसांसाठी कोण वाचतंय ते! पन्नास किलोमीटर लांबीचं, पोकळ नळकांड्यासारखं परकं यान, आत अंधार, आणि मध्ये गोठलेला समुद्र चहूबाजूंनी पट्ट्यासारखा वळत थेट डोक्यावरून जातो. ते डोळ्यांपुढे आलं की पात्रांची आठवण कुणाला राहते?

तिरपागडा:
असो. सगळी यादी इंग्रजी पुस्तकांची चाललीय याचं नवल वाटलं. मराठी वाचणाऱ्याला आधी जयंत नारळीकरांच्या कथा द्या की. १९७४ मध्ये ‘कृष्णविवर’ त्यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावानं पाठवली, नाव बघून बक्षीस मिळू नये म्हणून, आणि तरी पहिली आली. एका बैठकीत कथा वाचून होते. आवडली तर ‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’. नाही आवडली तर अर्धा तासच गेला.

जुनं_खोड:
नारळीकरांना माझा मुजरा, पण पात्रं टिकत नाहीत ही तक्रार तिथेही लागू होते. मग ती फक्त आसिमॉव्हवरच का?

तिरपागडा:
कारण वीस पानांत चालतं, तीन खंडांत चालत नाही.

निशाचर_नग:
‘सुरुवात कुठून’ हा प्रश्न प्रकाशकांनाही पडतो. लिऊ त्सिशिनचं ‘थ्री-बॉडी प्रॉब्लेम’ चिनी पुस्तकात सांस्कृतिक क्रांतीच्या प्रसंगानं सुरू होत नाही, तो मध्ये ढकललेला आहे. केन लिऊनं २०१४ च्या इंग्रजी अनुवादात तो लेखकाच्या मूळ बेताप्रमाणे पहिल्या पानावर आणला. जमावासमोर एका प्राध्यापकाला मारतात आणि त्याची मुलगी ते बघते. हा प्रसंग आधी वाचला की पुढे ती जे करते त्याचा राग येत नाही. त्यामुळे ‘नवख्याला झेपणार नाही’ हे मला पटत नाही. दार नीट असेल तर अवघड पुस्तकातही माणूस शिरतो.

रच्याकने, एक खरीखुरी गरज आहे. भाची फक्त रहस्यकथा वाचते. खून, तपास, संशयित. तिला काय देऊ? एकच नाव सांगा, यादी नको.

जुनं_खोड:
‘द केव्ज ऑफ स्टील’, १९५४. खुनाचा तपास, एलायजा बेली हा यंत्रमानवांवर खार खाऊन असलेला पोलीस, आणि जोडीदार म्हणून नेमका यंत्रमानवच. आसिमॉव्हच आहे, सांगून ठेवतो.

पानफुटी:
हे चालेल. ही शिफारस तिला काय आवडतं ते बघून केलीत ना!

अवकाशवेडी:
नाही चालणार. चायना मिएव्हिलचं ‘द सिटी अँड द सिटी’ दे. एकाच जागेवर दोन शहरं, आणि दुसऱ्या शहरातला माणूस शेजारून गेला तरी तो न दिसल्यासारखं वागायचं, हा नियम. त्यात खून. बेलीपेक्षा तो इन्स्पेक्टर कितीतरी भारी.

जुनं_खोड:
पहिल्या शंभर पानांत नियमच कळत नाहीत त्या पुस्तकाचे!

निशाचर_नग:
एकच नाव मागितलं होतं. दोन्ही आणतो. ती आधी कोणतं उचलते ते बघू.