शेडमध्ये पडून असलेली १९६५ची हेराल्ड: गंजाला हात कुठून घालू?

पूर्वभागातला जॉबर
नमस्कार. सोलापुरात अक्कलकोट रोडला आमचा टॉवेलचा कारखाना होता. माग विकले, शेड तेवढी राहिली. तिच्या मागच्या खणात आजोबांची दोन दारांची स्टँडर्ड हेराल्ड उभी आहे, १९६५ची. १९९८ पासून जागची हललेली नाही. घरात तिला सगळे ‘स्पोर्ट गाडी’च म्हणायचे, कारण बॉनेट पुढच्या मडगार्डांसकट समोर उलटतं आणि चाकं पूर्ण उघडी पडतात. लहानपणी मी त्या उघड्या चाकावर बसून इंजिन बघत असे.

शेडचा पत्रा एका जागी गळत होता आणि ते पाणी वर्षानुवर्षं गाडीच्या डाव्या बाजूवर पडलं. ड्रायव्हरशेजारच्या सीटच्या पायाखाली हात जाईल एवढं भोक आहे. डाव्या दाराचा तळ बोटाने तुटतो. इंजिन फिरत नाही. चॅसीवर (गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यावर) पापुद्रे आहेत, पण आतून किती खाल्लंय ते मला कळत नाही.

एका डेंटरने बघून सांगितलं, ‘महिन्यात पत्रा ठोकून, लांबी (पुट्टी) भरून, रंग मारून देतो.’ वडील म्हणतात भंगारात दे. मला ती स्वतः करायची आहे. मागावर बारा वर्षं जॉबरकाम (माग जुळवणं, दुरुस्त करणं) केलंय, त्यामुळे पाना हाताला सवयीचा आहे. गाडीचं काम मात्र कधीच केलेलं नाही. महिन्याला दहा हजार बाजूला काढू शकतो. सुरुवात कुठून करू?

विजापूर रोडचे काका
बाळा, आधी एक सांगतो: भंगारात देऊ नकोस आणि त्या डेंटरलाही देऊ नकोस. गंजावर लांबी भरली की आतला गंज खातच राहतो. दोन पावसाळ्यांत फोड येतात आणि तोवर चॅसी गेलेली असते.

घरच्यांनी तिला स्पोर्ट गाडी म्हटलं त्यात चूक नाही. हेराल्ड मूळची इंग्लंडच्या ट्रायम्फ कंपनीची. त्याच ट्रायम्फने १९६२ साली स्पिटफायर ही दोन सीटांची स्पोर्ट्स कार काढली, ती हेराल्डचीच चॅसी आखूड करून. त्यामुळे पुढचं सस्पेन्शन, ब्रेक यांचे पुष्कळ भाग इंग्लंडमध्ये आजही नव्याने बनतात आणि मागवता येतात. शिकाऊ माणसाला याहून सोयीची गाडी मिळणं अवघड. त्या काळात ट्रायम्फला अख्खी बॉडी एकसंध करून देणारा पुरवठादार उरला नव्हता, म्हणून त्यांनी तुकडे तुकडे नटबोल्टने जोडायची बॉडी केली, खाली स्वतंत्र चॅसी ठेवून. जे बोल्टने जोडलंय ते तुला खोलता येतं.

पण सगळं एकदम खोलू नकोस. माझी हेराल्ड मला सहा वर्षं लागली, त्यातलं दीड वर्ष मी माझ्या हाताने वाया घालवलं. उत्साहात एका रविवारी डाव्या बाजूचे सगळे आउटरिगर कापून काढले. (मधल्या दोन मुख्य नळ्यांपासून बाजूला निघून बॉडीला धरतात ते हात.) संध्याकाळी दार लावायला गेलो तर ते खांबावर आपटलं. बॉडी खाली बसली होती. मग महिनोन्‌महिने जॅक लावून ती परत मूळ जागी आणत बसलो. तुझं मोजमाप म्हणजे ती दोन दारं. एकही तुकडा कापण्याआधी दारांच्या चारही बाजूंच्या फटी मोजून वहीत लिही. दाराच्या चौकटीत आडवा लोखंडी अँगल वेल्ड कर आणि मगच एक आउटरिगर काप. नवा बसव, दार लावून बघ, मग पुढचा.

त्याच्याही आधी गाडी चार घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) घे. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली डोकं घालू नकोस, दोन मिनिटांसाठीही नाही. मग जुना स्क्रूड्रायव्हर आणि छोटी हातोडी घेऊन चॅसीची इंच इंच तपासणी कर. ठोकल्यावर टणक आवाज आला तर ठीक. भद्द आवाज आला आणि टोक आत गेलं तर तिथे खडूने खूण कर. मागे डिफरन्शियलच्या (मागच्या चाकांना फिरवणाऱ्या गिअरपेटीच्या) आसपास मुख्य नळ्या जास्त बघ. आउटरिगर नवे बनवता येतात, पण मुख्य नळी तिथे गेली असेल तर काम मोठं आहे आणि ते जाणत्या वेल्डरकडूनच करून घे.

वेल्डिंग तुला जमेल, पण घरातल्या आर्क मशीनने नको. हा पत्रा विसाच्या गेजच्या आसपासचा असतो, आर्क त्याला भोकं पाडते. मिग (तारेने वेल्ड करणारं मशीन) घे, भाड्याने मिळालं तरी चालेल. आधी महिनाभर भंगार पत्र्यावर हात बसव. एका रेषेत ओढत जाऊ नकोस. एक टाका इथे, दुसरा वीतभर लांब, मध्ये पत्रा गार होऊ दे, नाहीतर तो तापून वाकतो. आणि पेट्रोलची टाकी पहिल्या दिवशीच काढून शेडबाहेर ठेव. रिकामी टाकी भरलेल्यापेक्षा घातक, कारण वाफा आतच असतात.

इंजिनला स्टार्टर मारू नकोस. प्लग काढ, चारही सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑटोमॅटिक गिअरचं ऑइल निम्मं निम्मं मिसळून दोन-दोन चमचे सोड, आठवडाभर तसंच ठेव, रोज थोडं घालत राहा. मग पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून हळू हलव, पुढे-मागे. ९४८ सीसीचं साधं इंजिन आहे ते, बहुतेक सुटेल.

आता सगळ्यात कळकळीचं. पुढच्या चाकाची उभी दांडी खाली एका पितळी तुकड्यात आट्यांनी बसते, त्याला ट्रनियन म्हणतात. त्यात ग्रीस नाही, नव्वद नंबरचं गिअर ऑइल घालायचं असतं. ग्रीस खालपर्यंत पोचत नाही, पाणी शिरतं, आटे गंजतात आणि एक दिवस वळणावर चाक आडवं होतं. एका गॅरेजने माझ्या गाडीत ग्रीसच भरलं होतं. होटगी रोडला चाक मोडलं तेव्हा बायको शेजारी बसलेली होती. वेग कमी होता म्हणून निभावलं. तुझ्या गाडीचे दोन्ही ट्रनियन खोल, दांडीचे आटे बघ, शंका आली तर बदलून टाक. रंगाचे पैसे मागे राहिले तरी चालतील.

रंगवाली, जुळे सोलापूर
काकांच्या शब्दाबाहेर जाऊ नका भाऊ. मी फक्त रंगाचं सांगते, आमचं घरचं स्प्रेचं काम आहे.

चॅसी उघडी झाली तर सँडब्लास्ट करून घ्या, बॉडीचे पत्रे मात्र तिथे देऊ नका. वाळूच्या माराने पातळ पत्रा ताणला जाऊन लहरी येतात. त्यांना वायर ब्रश आणि गंज खाणारं फॉस्फरिक ॲसिड. बिजागऱ्या, बोल्ट, ब्रॅकेट असल्या लहान वस्तूंसाठी प्लॅस्टिकच्या पिंपात धुण्याचा सोडा घाला, चार लिटरला एक चमचा, आणि बॅटरी चार्जर जोडा. वस्तू निगेटिव्हला, भंगार लोखंड पॉझिटिव्हला. स्टीलचा चमचा-ताट तिथे वापरू नका, विषारी क्रोमियम सुटतं. हायड्रोजन निघतो, म्हणून हे उघड्यावर करा आणि जवळ ठिणगी नको.

उघडा केलेला पत्रा त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमरखाली गेला पाहिजे. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये प्रायमर डब्यातच घट्ट व्हायला लागतो, म्हणून पहाटे मारा, थोडाच कालवा. आणि तुमच्या शेडच्या छताखालच्या कैच्यांवर वर्षानुवर्षांची रुई बसलेली असणार. कंप्रेसर चालू झाला की ती खाली येते आणि ओल्या रंगावर चिकटते. रंगाच्या आठवडाभर आधी सगळं छत धुऊन घ्या.

कागदपत्रवाला
आरसी बुक सापडलं का? ते आजोबांच्या नावावर असेल, म्हणून वारसाची कागदं आत्ताच सुरू करा. ५० वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी २०२१ पासून व्हिंटेज नोंदणीचा नियम आहे. नवीन नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. आधी नोंद झालेली गाडी असेल तर जुना नंबर ठेवता येतो. अट अशी की चॅसी, बॉडी, इंजिन मूळचं हवं, मोठा बदल चालत नाही. कोणी ‘मारुतीचं इंजिन टाकून देतो’ म्हणेल, त्याला नाही सांगा. अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं यासाठीच.

पूर्वभागातला जॉबर
काका, काल गाडी घोड्यांवर घेतली. चार तास ठोकत होतो. डाव्या बाजूचे आउटरिगर तिन्ही गेले, उजवीकडचा मागचा एक. डिफरन्शियलजवळ दोन्ही नळ्या टणक वाजल्या, स्क्रूड्रायव्हर कुठेच आत गेला नाही. आरसी बुक आईच्या ट्रंकेत, आजोबांच्या धोतराखाली सापडलं. दारांच्या फटी मोजल्या: डावं दार वर ४ मिलिमीटर, खाली ९.

वडील संध्याकाळी शेडमध्ये आले, काही बोलले नाहीत. जाताना बॅटरी धरून उभे राहिले, मला डिफरन्शियल दिसेना म्हणून.

विजापूर रोडचे काका
मुख्य नळ्या शाबूत आहेत, आणखी काय पाहिजे! वर ४ आणि खाली ९ म्हणजे बॉडी आत्ताच थोडी बसलेली आहे. अँगल वेल्ड करायच्या आधी खाली जॅकवर लाकडी फळी ठेवून ती अर्धा मिलिमीटर, अर्धा मिलिमीटर वर घे, फटी सारख्या झाल्या की मगच वेल्ड कर. रविवारी सकाळी मी येतो. माझ्याकडचा आउटरिगरचा पुठ्ठ्याचा साचा घेऊन येतो, त्यावरून पत्रा काप. आणि वडिलांना बॅटरी धरायला परत बोलाव.