मदत हवी आहे : स्कुबा शिकताना मास्कमध्ये पाणी शिरतंय, मिशी काढावीच लागेल का?

कृष्णाकाठ (सांगली) :
सध्या पोहण्याच्या तलावात स्कुबाचा सराव चालू आहे. पावसाळा संपला की मालवणला जाऊन समुद्रातल्या डाईव्ह करायच्या आहेत. मास्क नवा आहे, सिलिकॉनचा, दोन काचांचा. खाली गेलं की थोड्याच वेळात पाणी नाकपुड्यांपर्यंत चढतं. पट्टा आवळला तर जास्तच येतं. पाणी नाकाला लागलं की श्वास अडकतो आणि तडक वर यावंसं वाटतं. मिशी भरघोस आहे. मास्क बदलू की मिशी काढू? आणि तलाव बंद असेल तेव्हा घाटावर कृष्णेत सराव केला तर चालेल का?

अजिंक्यतारा (सातारा) :
शेवटचं आधी. कृष्णेत अजिबात नको. औदुंबर, भिलवडीपासून सांगलीपर्यंत नदीत मगरी आहेत, पाणी गढूळ असतं आणि ओढ वरून कळत नाही. सराव तलावातच, कमरेएवढ्या पाण्यात आणि सोबत माणूस ठेवून.

आता मास्क. पट्टा आवळल्यावर जास्त येतं म्हणालात, त्यातच निम्मं उत्तर आहे. स्कर्टच्या, म्हणजे काचेभोवतीच्या सिलिकॉनच्या मऊ भागाच्या, कडेला पातळ, आत वळलेली झालर असते. ती चेहऱ्याला अलगद टेकली तरच पाणी अडवते. पट्टा ओढला की तिला चुण्या पडतात आणि नेमकं तिथून पाणी येतं. पाण्याखाली मास्क चेहऱ्याला धरून ठेवायचं काम बाहेरचा दाबच करतो, पट्टा फक्त तो सरकू नये म्हणून. पट्टा कानांच्या वर, डोक्याच्या मागच्या फुगीर भागावर हवा आणि मागून दोन बोटं सहज आत गेली पाहिजेत. मानेकडे खाली उतरलेला पट्टा मास्कची खालची कड दाबतो आणि वरची उचलतो. दोन्ही बाजूंची बकलं सारख्या खाचेवर आहेत ना, तेही बघा.

मास्क बदलायच्या आधी घरी आरशासमोर तपासा. पट्टा काचेवर पुढे टाका, मान वर करा आणि मास्क चेहऱ्यावर नुसता ठेवा, दाबू नका. घरच्या कुणाला तरी कडेने बघायला सांगा, कपाळ, कानशील, गाल, नाकाखाली कुठे फट दिसते का. मग नाकाने अगदी हलका श्वास आत घ्या. मास्क चिकटून राहिला तर माप बरोबर. जोरात ओढू नका, जोरात ओढल्यावर कुठलाही मास्क चिकटतो. आणि ही तपासणी रेग्युलेटरचं (टाकीतली हवा तोंडात देणारं उपकरण) माउथपीस तोंडात धरूनच करा. दात आवळले, ओठ पुढे आले की नाकाखालच्या भागाचा आकार बदलतो. दुकानात उत्तम बसलेला मास्क पाण्यात गळतो तो बऱ्याचदा यामुळे.

खोल_पाणी :
पाणी कुठून येतंय ते आधी ठरवा, उपाय त्यावर अवलंबून आहे. कपाळाकडून किंवा कानशिलाकडून येत असेल तर स्कर्टखाली केस अडकलेत. एक केससुद्धा पुरतो. डोक्यावर घट्ट टोपीसारखा हुड असेल तर त्याची कड स्कर्टच्या खाली नको, वर हवी. एकाच बाजूने येत असेल तर स्नॉर्केल (पृष्ठभागावर श्वास घ्यायची नळी) बघा. ते पट्ट्याला लटकून मास्क एका अंगाला ओढतं. तलावात ते काढून बघा, लगेच फरक कळेल.

नाकाखालून येत असेल तर मिशी हे एक कारण. दुसरं, नकळत नाकाने श्वास सोडणं. दर वेळी थोडी हवा स्कर्ट उचलून बाहेर जाते आणि तेवढंच पाणी आत येतं. प्रशिक्षकाला तुमच्या मास्ककडे बघायला सांगा, कडेने बारीक बुडबुडे निघत असतील तर हेच. तिसरं, हसणं. गालाला घडी पडली की तिथून पाणी शिरतं.

मास्क स्वतःच गळतोय का, हे घरी कळतं. काच खाली करून वर्तमानपत्रावर ठेवा आणि काच व स्कर्टचा सांधा बुडेल इतकं पाणी आत ओता. दहा मिनिटांनी उचला. कागद ओला असेल तर सांधा सुटलाय, दुकानात परत करा. कोरडा असेल तर मास्क चांगला आहे.

कासपठार (सातारा) :
मिशी पूर्ण काढायची गरज नाही. नाकपुड्यांच्या लगेच खाली, स्कर्टची कड टेकते तेवढी चार-पाच मिलिमीटरची पट्टी साफ करा. खालची मिशी तशीच राहू दे, माउथपीसला तिचा त्रास होत नाही. मात्र ही पट्टी डाईव्हच्या दिवशी सकाळी करा. दोन दिवसांचे खुंट ताठ असतात आणि मऊ वाढलेल्या मिशीपेक्षा जास्त गळतात.

पट्टीही काढायची नसेल तर मिशीच्या वरच्या भागाला डाईव्हिंगच्या दुकानात मिळणारं सिलिकॉन ग्रीस चोळा, वाटाण्याएवढं पुरे. काही जण पेट्रोलियम जेली लावतात. ती टाळा. मास्क बुळबुळीत होतो, वाळू चिकटते, आणि पेट्रोलियमचे पदार्थ स्कुबाच्या सामानाजवळ आणूच नयेत. जास्त ऑक्सिजनच्या गॅसबरोबर ते धोक्याचे आहेत. ग्रीस लावल्यावर हात धुवा, काचेला लागलं तर धूसर दिसेल.

इतकं करूनही चमचाभर पाणी येईल, ते येऊ दे. खरी गरज पाणी थांबवायची नाही, ते न घाबरता बाहेर काढायची आहे. पाणी नाकाला लागलं की श्वास अडकतो, मास्कपेक्षा त्यावर जास्त वेळ द्या.

कमरेएवढ्या पाण्यात मास्कशिवाय तोंड बुडवा, तोंडात स्नॉर्केल. तोंडाने श्वास आत, नाकाने बाहेर. जमत नसेल तर सोडताना 'हुंऽऽ' असा आवाज करा, हवा आपोआप नाकातून जाते. मग तोंडाने आत, तोंडाने बाहेर, नाक पाण्यात उघडंच. नाक चिमटीत धरायची सवय लावू नका. हे शांतपणे जमलं की निम्मी भीती गेली. ओपन वॉटरच्या, म्हणजे स्कुबाच्या सुरुवातीच्या, कोर्समध्ये मास्कशिवाय एक मिनिट श्वास घ्यायला लावतात, तो याचसाठी.

मग पाणी काढणं. गुडघे टेकून बसा, नजर समोर किंवा किंचित खाली. मास्कची वरची कड कपाळाशी बोटांनी दाबा आणि तोंडाने श्वास घ्या. आधी नाकाने सावकाश सोडायला सुरुवात करा, मग सोडत सोडतच मान वर करा. हवा वर साठते आणि पाणी खालच्या कडेने निघून जातं. क्रम उलटा झाला, म्हणजे मान आधी वर गेली, तर पाणी थेट नाकात उतरतं. नवशिके इथेच ठसकतात. फुंकर जोराची नको, लांब हवी. पाणी उरलं तर पुन्हा श्वास घेऊन तेच.

कृष्णाकाठ (सांगली) :
कागद कोरडा राहिला. आरशात बघितलं, माउथपीस धरल्यावर फक्त नाकाखाली फट पडते. पट्टी काढतो. आणखी एक, खाली जाताना मास्क डोळ्यांवर दाबतो आणि वर येताना कडेने बुडबुडे सुटतात. हेही गळणंच का? आणि दुपारी डाईव्ह उरकून रात्री सांगलीला परतलं तर चालेल ना?

अजिंक्यतारा (सातारा) :
गळणं नाही. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो आणि मास्कमधली हवा आकसते. म्हणून खाली जाताना दर मीटर-दोन मीटरला नाकाने थोडी हवा मास्कमध्ये सोडा. नाहीतर डोळ्यांतल्या बारीक रक्तवाहिन्या फुटून पांढरा भाग लाल होतो. वर येताना हवा फुगते आणि आपली आपण निघते, काही करू नका. पोहण्याचा गॉगल खोलवर चालत नाही तो यामुळेच, नाक बाहेर राहिलं तर आत हवा सोडणार कशी?

परतीचं मात्र नीट ऐका. सांगली समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहे, आंबोलीमार्गे आलात तर घाटात ७०० मीटरच्या आसपास जाता. डाईव्हनंतर अंगात नायट्रोजन शिल्लक असतो, वर चढल्यावर त्याचे बुडबुडे होऊ शकतात. विमानासाठी जो नियम आहे, एका डाईव्हनंतर निदान १२ तास आणि अनेक डाईव्हनंतर १८ तास, तो साधारण ६०० मीटरपासून वरच्या उंचीसाठी आहे. घाटालाही तोच लावा. शेवटची डाईव्ह दुपारी बाराला संपली तर दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या आत गाडी काढू नका. मुक्काम मालवणातच धरा.